तांडेलाला बोट लागली

जहाजावर, बिस्केचा उपसागर
१४ मे २०१९

फिन्टन,

तू पत्रांना उत्तर देत नाहीस हे मला ठाऊक आहे. नाताळला एक कार्ड येतं, आत छापील मजकूर आणि खाली तुझी सही. जन्मभर गावचं पोस्ट चालवलेल्या बाईला असं कार्ड पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. पण ते भांडण आज बाजूला. आजची बातमी ऐकून तू जिथे असशील तिथे खाली बसशील.

तुझ्या बापाला बोट लागली आहे.

हो, त्यालाच. आपल्या किलमोर की गावचा तांडेल मायल्स फर्लाँग, ज्याच्या मासेमारी ट्रॉलरवर जानेवारीच्या वादळात चहाचा कप कधी सांडला नाही म्हणतात. तो या क्षणी केबिनच्या न्हाणीघरात जमिनीवर बसून कमोडला मिठी मारून आहे. मी दाराबाहेर. आत येऊ देत नाही.

आम्ही जहाजावर कसे, ते सांगते. बचावबोटीच्या निधीसाठी सोडत काढली होती. पहिलं बक्षीस दोघांसाठी समुद्रसफर, डब्लिन ते लिस्बन आणि परत. कोळ्यांच्या गावात समुद्रसफरीचं बक्षीस! पाववाल्याला पाव द्यावा तसं. बापाच्या बोटीवरच्या पॅट्सी रोचने चिठ्ठी काढली, नाव वाचलं आणि एवढा हसला की त्याचा दातांचा सेट निसटला. "तांडेल, आता तुम्ही भाडं न देता पाण्यावर!" तुझा बाप म्हणाला, देऊन टाका कुणालातरी. मी म्हटलं, लग्नाला पन्नास वर्षं झाली, तू मला कधी शेजारच्या रॉसलेअर बंदराच्या पुढे नेलं नाहीस. मी जाणार. तुला यायचं तर ये.

मला बोट लागते, हे तुला माहीत आहे. म्हणून मी तयारी केली. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागून घेतली, तिथे हेलकावा कमी. गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घेतली, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी म्हणजे चोर गेल्यावर लावलेलं कुलूप. दोन्ही मनगटांवर ते विणलेले पट्टे, आतल्या बाजूला बटण असलेले. त्यांचा उपयोग होतो की नाही देव जाणे, पण निरुपयोगी गोष्टींवर विश्वास ठेवायला मला नन्सनी उत्तम शिकवलं आहे. आल्याची बिस्किटं. हिरवी सफरचंदं. पोट रिकामं ठेवायचं नाही, तुडुंब भरायचं नाही, वाचायचं नाही, क्षितिजाकडे बघत राहायचं. आणि फसफस निघून गेलेलं लेमोनेड, जे तुझ्या आजीच्या मते गोवरापासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर चालतं.

हे सगळं मी टेबलावर मांडलं तेव्हा तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, "दुकान टाकतेस का?"

मी ठणठणीत आहे. आज सकाळी नाश्त्याला गेलो. समुद्र चांगलाच उसळलेला, अर्धी टेबलं रिकामी. आमच्या टेबलावर मिस्टर थ्रेल म्हणून एक इंग्रज दंतवैद्य असतात. निवृत्त झालेत, पण सल्ले द्यायचे थांबलेले नाहीत. त्यांनी कानामागे औषधाची चकती लावली आहे आणि ती सगळ्यांना दाखवतात. ते म्हणाले, "मिस्टर फर्लाँग, तुमचा रंग ठीक दिसत नाही. एक चकती देऊ?" तुझा बाप म्हणाला, "माझा रंग माझा आहे." आणि उठला. उठला तो सरळ डावीकडे, खांबावर. मग दुसऱ्या खांबावर. लोकांना वाटलं सकाळीच घेतली आहे.

आता न्हाणीघरातून आवाज येतोय, "कुणाला सांगितलंस तर बघ, डिम्प्ना. पॅट्सीला कळलं तर मी पुन्हा धक्क्यावर पाय ठेवणार नाही."

मी म्हटलं, कुणाला सांगणार? आणि कागद काढून तुला लिहायला बसले. वाटलं, या बातमीवर पहिला हक्क तुझा. हसायचं तर हस. मी तुला दोष देणार नाही.

आई


जहाजावर
१५ मे

फिन्टन,

कालचं पत्र अजून पाकिटातच आहे, कारण बंदर आलेलं नाही. हे त्याच्यातच घालते.

रात्रभर उलट्या. पोटात काही उरलं नाही तरी उमाळे थांबत नाहीत. वर उचकी, ती वेगळीच. माझी सगळी दुकानदारी करून झाली. बिस्किट नको, सफरचंद नको. लेमोनेड घशाखाली जात नाही, म्हणतो घसा विसरलाय. डेकवर जाऊन क्षितिज बघ म्हटलं तर म्हणाला, "दोन दिसतात. कुठलं बघू?"

सकाळी मी त्याला न विचारता डॉक्टरांना बोलावलं. जहाजाच्या दवाखान्यातून एक तरुण डॉक्टरबाई आली, चांगली वाटली, चेहऱ्यावर झोप नाही. अर्ध्या जहाजाला इंजेक्शनं टोचत फिरत होती. तुझ्या बापाने मला बाहेर घालवलं. पुरुषाने शर्ट काढायच्या वेळी बायको समोर नको, हा त्याचा जुना नियम, जो फक्त डॉक्टर असतानाच लागू होतो.

ती गेल्यावर आत आले, तर तो उशीवर डोकं टेकून हसत होता. वाकडं, थकलेलं, पण हसू.

"काय झालं?"

"तिने विचारलं, याआधी कधी समुद्रावर गेला होतात?"

"मग?"

"म्हटलं, कधीच नाही बाई. मी वेक्सफर्डचा शेतकरी. स्ट्रॉबेरी पिकवतो."

"तू? स्ट्रॉबेरी?"

"ती म्हणाली, पहिल्यांदाच येणाऱ्यांना फार त्रास होतो, काका, उद्यापर्यंत उतरेल. आणि टोचलं." उचकी. "नाव मात्र खरं सांगितलं, फर्लाँग. पण मॅकेरल मासळीचा वास नशिबाने धुतला गेलाय."

फिन्टन, मी हसले. पलंगाच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि तोही. किती वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो ते मला आठवत नाही. तू गेल्यानंतर त्या घरात हसायचं झालं तर पाळीपाळीने.

मग तो छताकडे बघू लागला, म्हणजे एका डोळ्याने. दुसरा मिटून घेतला होता. म्हणाला, "पोराला असंच व्हायचं?"

मी मुद्दाम विचारलं, "कुठल्या पोराला?"

"आपल्याला एकच आहे."

"हो, असंच," मी म्हटलं. "तुझ्या बोटीवर, अख्खा उन्हाळा आणि पुढचा हिवाळा."

"मी त्याला समुद्राचं पाणी पाजलं. मगभर. माझ्या बापाने सांगितलेला उपाय."

"माझ्या लक्षात आहे."

"आणि बोटीवरची पोरं हसली तेव्हा मीही हसलो."

तू मला ओळखतोस. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. त्याऐवजी मी त्याच्या तोंडावरून ओला कपडा फिरवला. मग त्याने पुढचं सांगितलं, आणि ते मी जसंच्या तसं उतरवते, कारण मी संदेशातले शब्द कधी बदलले नाहीत, तारा पाठवायचे तेव्हाही नाही.

म्हणाला, "डिम्प्ना, त्याने जाळं ओढलं. असं होत असताना. मला कप धरता येत नाही, आणि ते सोळा वर्षांचं पोर उलटी करायचं, तोंड पुसायचं आणि पुन्हा ओढायला उभं राहायचं. एकदासुद्धा जागा सोडली नाही. माझ्यात नाही एवढा दम. माझ्या सगळ्या बोटीवर कुणात नव्हता."

हे तुला कळावं म्हणून आजचं पत्र. मी त्याला विचारलं, हे फिन्टनला कळवू? तो म्हणाला, "पॅट्सीला नको. पोराला चालेल."

आई


ला कोरुन्या, स्पेन
१९ मे

फिन्टन,

तुला इस्पितळातून फोन आला असेल. त्या नर्सचं इंग्रजी मोडकं आहे, म्हणून नीट लिहिते.

सोळा तारखेला सकाळी समुद्र पडला. अगदी ताटासारखा सपाट. लोक कॉफी घेऊन डेकवर आले, मिस्टर थ्रेलनी कानामागची चकती काढून टाकली, बायका उन्हात आडव्या झाल्या. मी केबिनमध्ये परत आले, म्हटलं, ऊठ मायल्स, संपलं, आंघोळ कर. तो उठायला गेला आणि डावीकडे पडला. आधीही डावीकडेच पडत होता. बोट उजवीकडे कलत असतानासुद्धा तो डावीकडेच पडला होता, हे मला तेव्हा आठवलं.

समुद्र शांत झाला होता आणि माझ्या नवऱ्याचा झाला नव्हता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले त्या काळात मुलींनी जिन्यावर धावायचं नाही असा दंडक होता. त्या दिवशी मी धावले. दवाखान्यात रांग होती, ती मोडली. त्या डॉक्टरबाईला सांगितलं, "तो स्ट्रॉबेरी पिकवत नाही. तो चाळीस वर्षं ट्रॉलरचा तांडेल होता. त्याला आयुष्यात कधीही बोट लागलेली नाही. कधीही."

तिच्या हातातला कागद खाली गेला. एवढंच म्हणाली, "हे मला काल कळायला हवं होतं," आणि माझ्याही पुढे धावली.

हेलिकॉप्टर आलं. इथे तपासून सांगितलं की मेंदूच्या मागच्या भागात, जो माणसाचा तोल सांभाळतो, तिथे रक्ताची गाठ अडकली आहे. चक्कर, उलट्या, उचकी, दोन दोन दिसणं, गिळता न येणं, सगळं तिथून. बोट लागल्यासारखंच दिसतं म्हणे. लवकर कळलं असतं तर, असं म्हणून इथला डॉक्टर थांबला. सभ्य माणूस. मी त्याला वाक्य पूर्ण करायला लावलं नाही.

दोष कुणाला द्यायचा ते मी ठरवलेलं आहे. त्या मुलीला नाही. समोरचा माणूस शेतकरी म्हणाला तर तिने शेतकरीच धरावं. किलमोर कीच्या धक्क्यावर बसून पिढ्यान् पिढ्या जे एकमेकांच्या ओकाऱ्या मोजत आले, त्या सगळ्यांना. तांडेलाला चोरी चालते, दारू चालते, बायकोला पन्नास वर्षं गावाबाहेर न नेणं चालतं. बोट लागणं चालत नाही. मरण आलं तरी चालेल, पण पॅट्सीला कळता कामा नये.

त्याला बोलता येतं, पण शब्द लोळत येतात. घसरत्या जिभेने आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "पत्र टाकलंस?" टाकलं म्हटलं.

फिन्टन, विमानाने ये. मध्ये पाण्याचा थेंबही लागणार नाही तुला.

आई


किलमोर की
२३ जून

फिन्टन,

तू फोन केलास आणि मी तो ठेवून दिला. त्याबद्दल माफी मागायला हे पत्र नाही. फोनवर रागावलं की आवाज चढतो आणि वाक्यं बिघडतात. लिहून रागावलेलं बरं.

त्याला आम्ही घरी आणलं आहे. खाट बैठकीच्या खोलीत, खिडकीशी. गिळताना ठसका लागतो, म्हणून पाण्यातही पूड घालून ते दाट करावं लागतं. दोनदा छातीत कफ धरला. इथल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिसऱ्यांदा झाला तर इस्पितळात नेण्याचा आग्रह धरू नका. म्हणजे काय ते तुला कळतं.

पॅट्सी रोज येतो. पहिल्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, मग म्हणाला, "काय तांडेल, ऐकतो की तुम्हाला बोट लागली?" मी त्याला चिमट्याने मारणार होते, पण तुझा बाप हसला आणि म्हणाला, "लागली. भयंकर." गावातला सर्वात मोठा तोंडाळ माणूस समोर बसला होता आणि त्याला काही फरक पडला नाही. त्यासाठी एवढं व्हावं लागलं.

आता तू काय म्हणालास त्याबद्दल. तू म्हणालास, "आई, त्याला माझं दुःख कधी कळलंच नाही. त्याला झटका आला होता. बोट लागलीच नव्हती. तो ज्याच्याबद्दल बोलला ते माझं नव्हतंच."

तुझा मुद्दा बरोबर आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनिग्नसने तर्कशास्त्रात तुला पैकीच्या पैकी दिले असते.

पण मी त्या केबिनमध्ये होते आणि तू नव्हतास. चक्कर तीच होती, उलट्या त्याच, भिंत धरून उभं राहणं तेच, आणि कुणी बघेल ही लाज तर अगदी तीच. ते बोट लागल्यावर येतं तसं कानातून आलं की मेंदूतून आलं याची चौकशी डॉक्टरांनी करावी. मुलाने नाही. त्याने तुझी आठवण काढली ती आजार कुठला हे कळायच्या आधी. आजाराचं खरं नाव कळल्यावर आठवण खोटी ठरते का? मी त्याला ते खरं नाव नीट समजावलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटच म्हणाला. मी दुरुस्त करणार नाही.

तू तिकडे गव्हाच्या रानात घर केलंस. मी नकाशा काढून पाहिला होता तेव्हाच. समुद्रापासून याहून लांब गाव शोधायला मेहनत लागली असेल. मी समजले. वडिलांनी तुझी क्षमा मागायला हवी होती, तुझ्याकडे बघून, उभं राहून. तसं झालं नाही. जे झालं ते एवढंच, आणि ते या खाटेवर पडून तुझी वाट बघतं आहे. घ्यायचं तर लवकर घे. फार दिवस राहणारी वस्तू नाही.

आई


१७ जुलै
(संगणकावरून)

फिन्टन,

मी हे यंत्रावर टाइप करते आहे, ज्या यंत्रामुळे माझं पोस्ट बंद झालं. कागदी पत्र तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा तो जमिनीखाली असेल, म्हणून नाइलाज.

तो आज सकाळी गेला. फादर येऊन शेवटच्या विधीचं तेल लावून गेले होते. शांत होता. फोन मी तुला केला, पण तुझ्या यंत्राने मला शिट्टीनंतर बोलायला सांगितलं, आणि असली गोष्ट मी शिट्टीनंतर बोलत नसते.

कालचं एक सांगते, मग कामाचं बोलते.

काल दुपारी त्याला वाटत होतं की आपण बोटीवर आहोत. खिडकीतून लाटांचा आवाज येतच असतो. तो डोळे मिटून माणसं मोजत होता, जाळं टाकायच्या आधी मोजायचा तशी. पॅट्सी. लॅरी कीहो, जो केव्हाच वारला. मग म्हणाला, "फिन्टन कुठाय?"

मी म्हटलं, "खाली झोपलाय. बोट लागलीय त्याला."

खोटं बोलण्याबद्दल नन्सनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. मी तरीही बोलले.

तो म्हणाला, "उठवू नका त्याला. झोपू दे. त्याच्या वाटचं मी ओढतो."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला ते फक्त पाणी मागायला.

आता कामाचं. दफनविधीची मिस्सा उद्या व्हायची, पण मी फादरना सांगून शनिवारपर्यंत थांबवली आहे. परदेशातून येणाऱ्यांसाठी इथे थांबतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. तो बैठकीच्या खोलीत आहे, त्याच्या चांगल्या कोटात. स्वयंपाकघरात शेजारणी सँडविच कापत आहेत आणि मला चहा देऊन देऊन जीव नकोसा केला आहे. कुणीही तुझ्याबद्दल विचारत नाही. म्हणजे सगळे विचारत आहेत.

चर्चपासून कबरस्तानापर्यंत गाडी नको म्हटलं. खांद्यावरून नेणार. सहा जण. पॅट्सी, त्याचे दोन मुलगे, शेजारचे दोघे कीहो बंधू, असे पाच ठरले. दफनाची व्यवस्था बघणारा माणूस आत्ता येऊन गेला. तो सारख्या उंचीच्या जोड्या लावतो, नाहीतर पेटी एका बाजूला कलते आणि वाट चढाची आहे. त्याने वही काढून विचारलं, "पुढे डावीकडे मुलगा ना? त्यांची उंची किती, मिसेस फर्लाँग?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना.

तू गेलास तेव्हा तुझी वाढ संपलेली नव्हती. त्यानंतर तुझा एकच फोटो आला, त्यात तू ट्रॅक्टरवर बसलेला आहेस. मी तो फोटो कपाटातून काढून त्या माणसाला दाखवला. त्याने बिचाऱ्याने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाला, बसलेल्या माणसावरून सांगणं कठीण आहे.

त्याने ती जागा कोरी ठेवली आहे. उद्या दुपारपर्यंत थांबतो म्हणाला, मग त्याच्याकडचा एक माणूस उभा करील.

ये असं मी लिहिणार नाही. तुझी उंची कळव.

आई